कागद कपाटात, न्याय तारखेवर

प्रभादेवीत चाळ जाऊन टॉवर येतो आणि नव्या घरातल्या हिश्श्यावरून भावंडे दिवाणी न्यायालयात उभी राहतात. जुन्या भाडेपावत्या, संमतीपत्रे, पर्यायी जागेचा करार मात्र एकाच्याच कपाटात असतात. बाकीच्यांनी काय करायचे?

उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८ पासून आहे. आदेश ११, नियम १२ : समोरच्याकडे कोणते कागद आहेत, हे शपथेवर उघड करायला लावता येते. नियम १४ : ते हजर करण्याचा हुकूम मागता येतो. नियम २१ : हुकूम मोडल्यास वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. कागद बिल्डरकडे असतील, तर आदेश १६ खाली त्याला समन्स काढता येते.

अमेरिकेत वकील खटल्याआधीच साक्षीदाराची जबानी घेतात. आपल्याकडे सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. साक्षीदाराला प्रश्न विचारायची संधी उलटतपासणीतच. तेव्हा कागद हाती नसेल, तर ती संधी वाया जाते.

व्यापारी दाव्यांत २०१५ च्या कायद्याने आपल्याकडचे सर्व संबंधित कागद सुरुवातीलाच देणे बंधनकारक केले. घराच्या दाव्यांनाही हीच शिस्त हवी. तोवर कागदांसाठीचा अर्ज साक्षी सुरू होण्याआधीच करावा; आणि टाळाटाळ करणाऱ्याला पुढची तारीख न देता न्यायालयांनी नियम २१ दाखवावा.