धाप म्हणजे शेवट नव्हे

संपादक महोदय,

‘मांजर धापा टाकू लागले की त्याची वेळ आली समजावे, दवाखान्याचा छळ कशाला’ हे गेल्या अंकातल्या लेखातले मत चुकीचे आहे. कुत्रा उन्हात धापा टाकतोच. पण मांजर आरामात बसलेले असताना तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर ती तातडीने धावपळ करण्याची वेळ असते. कारण दमा असेल, हृदयविकार असेल किंवा छातीत साठलेले पाणी. ते पाणी सुईने काढले की अनेकदा लगेच श्वास मोकळा होतो. दम्यावर माणसांसारखाच इनहेलर नळी आणि मास्क लावून देता येतो. माझ्या बोक्याला तो मी ३ वर्षे देते आहे. पहिला आठवडा हातभर ओरखडे सोसले. आता वेळ झाली की तोच मांडीवर येऊन बसतो.

लेखातले घरगुती उपाय तर घातक आहेत. कापराची वाफ मांजराला बाधते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची क्षमता त्याच्या यकृतात फारच कमी असते. एवढी दुरुस्ती तरी ठळक छापावी.

मांजर गाढ झोपलेले असताना मिनिटभर श्वास मोजावेत. ते वारंवार ३० च्या वर जात असतील, तर डॉक्टर गाठावा. नेताना छातीशी आवळू नये, टोपलीत ठेवावे.

असाध्य दुखण्यात शांत मरण देण्याला माझा विरोध नाही. पण तो निर्णय तपासणीनंतरचा, अंदाजाने घ्यायचा नव्हे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली