भीड भिकेची बहीण

लक्ष्मीपूजनाला आपण पाटावर दागिने मांडतो, नोटा मांडतो, बँकेचे पासबुकही मांडतो. हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवशी ते पासबुक न उघडता कपाटात ठेवून देतो. पूजा झाली, हिशेब राहिला! आणि वर पुन्हा हसत हसत म्हणायचे, 'मराठी माणसाला पैशातले काही कळत नाही.'

हे साफ खोटे आहे. मुलुंडच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या गृहिणीला पैसा कळत नाही? पण तीच गृहिणी वीस वर्षांच्या विमा-बचतीच्या कागदावर प्रश्न न विचारता सही करते. का? तर एजंट नणंदेचा दीर असतो. आपल्याला नडते ते अज्ञान नव्हे, भीड. भाजीवाल्याला आपण दहा प्रश्न विचारतो. घरच्या माणसाला एकही नाही.

भिडेची किंमत काय पडते, हे आपल्याच रेल्वेमार्गावर दिसले आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्य कार्यालय भांडुपला होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवींना विम्याचे संरक्षण होते अवघे १ लाखाचे. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झाले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण मोठ्या ठेवीदारांच्या नशिबी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते आले. 'आपल्या ओळखीची बँक' म्हणून सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

कोणी म्हणतील, सरकारी शिक्का पाहावा म्हणजे झाले. मग युनिट ट्रस्ट आठवा. १९६४ मध्ये निघालेली त्याची पहिली योजना घराघरांत विश्वासाचे दुसरे नाव होती. जुलै २००१ मध्ये त्याच योजनेतून पैसे परत घेणे सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आले. शिक्का हे उत्तर नव्हे. प्रश्न हेच उत्तर!

'मग पैसा घरातच ठेवायचा काय?' मुळीच नाही. महागाई दरसाल ६ टक्क्यांनी वाढली, तर घरातल्या शंभराच्या नोटेची किंमत बारा वर्षांत निम्मी होते. पंधरा वर्षांसाठी भविष्यनिर्वाह निधीचे सार्वजनिक खाते आहे. त्याहूनही दीर्घकाळ न लागणारा पैसा शेअरबाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात थोडाथोडा घालता येतो. मात्र बाजार म्हणजे जुगार असे म्हणणारे आणि बाजार म्हणजे कामधेनू असे म्हणणारे, दोघेही अर्धेच बोलतात. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ओलांडलेला निर्देशांक ऑक्टोबरात ९,००० च्या खाली आला. त्या वर्षी ज्याच्या घरी लग्न निघाले, तो बुडाला. ज्याला थांबता आले, त्याने २०१० च्या दिवाळीत निर्देशांक पुन्हा २१,००० वर पाहिला. लेकीच्या फीचे पैसे बाजारात नकोत आणि म्हातारपणाचे सारे पैसे नुसत्या ठेवीत नकोत.

आता शाळेतले द. सा. द. शे. आठवा. १ लाख रुपये ३० वर्षे चक्रवाढीने १० टक्क्यांनी वाढले, तर सुमारे साडेसतरा लाख होतात. ९ टक्क्यांनी सव्वातेरा लाख. मधला एक टक्का मध्यस्थाच्या खिशात गेला, तर सव्वाचार लाख गेले! २०१३ पासून म्युच्युअल फंडात मध्यस्थाविना थेट पैसे गुंतवता येतात, हे नणंदेचा दीर का बरे सांगेल?

म्हणून यंदा फराळाला येणाऱ्या त्या दीराला चकली द्या, चहा द्या आणि चार प्रश्न विचारा: पैसे मध्येच हवे झाले तर किती परत मिळतील? दरसाल किती कापले जाईल? बुडाले तर कोण भरून देईल? आणि भावजी, यात तुम्हाला किती मिळतात? उत्तर नीट आले, तर सही जरूर करा. पण भावजी रागावले, तर त्यांना आणखी एक चकली वाढा आणि कागद परत द्या.