विश्लेषण : डोनाच्या आठवणींवर हक्क कोणाचा?

‘बीबीसी’वर १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेत डॉक्टरचे सहप्रवासी बदलत राहिले. त्यांत डोना नोबल (कॅथरीन टेट) वेगळी ठरते. लंडनच्या चिझिकमधली, कार्यालयांत तात्पुरती कामे करणारी ही बाई डॉक्टरच्या प्रेमात पडत नाही. चुकला की त्याला सुनावते. पॉम्पेईच्या भागात निदान एक कुटुंब तरी वाचवायला तीच त्याला भाग पाडते.

२००८ च्या हंगामाअखेर डॉक्टरचे अफाट ज्ञान तिच्या मेंदूत शिरते. मानवी मेंदूला तो भार पेलणारा नसतो. म्हणून, ती ‘नको’ म्हणून विनवत असतानाही डॉक्टर तिच्या या प्रवासाच्या आठवणी पुसतो. जीव वाचला, हे खरे. पण स्वत:ला कायम कमी लेखणाऱ्या डोनाला या प्रवासात स्वत:चे मोल कळले होते. नेमके तेच गेले. हेतू चांगला असला, तरी नकार डावलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

२०२३ मधील साठाव्या वर्षाच्या विशेष भागात आठवणी परतल्या. जिवावर बेतणारी ती शक्ती डोना आणि तिची मुलगी रोझ यांनी स्वेच्छेने सोडून दिली. निर्णय तिचा होता, म्हणूनच हा शेवट अधिक न्याय्य वाटतो.