प्राणिसंग्रहालयात गोंडवाना नको



गोरेवाड्याच्या आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानाचे उद्घाटन २६ जानेवारी २०२१ रोजी झाले. उद्यानाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव द्यायचे ठरले तेव्हा आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या. हा मुलूख गोंडवानाचा, तेव्हा नाव गोंडवानाचे हवे, अशी त्यांची मागणी होती. नाव काही बदलले नाही. पण गोरेवाड्यातच गोंड संस्कृतीचे दर्शन घडवणारे ‘गोंडवाना थीम पार्क’ उभारू, अशी घोषणा झाली आणि वाद मिटल्यासारखा झाला. या पत्रकाचा विरोध त्या थीम पार्कला आहे. नावाचा वाद इथे उकरून काढायचा नाही. कोणाचे नाव कोणत्या फलकावर असावे यावर नागपुरात भांडायला माणसे कमी नाहीत. प्रश्न एवढाच आहे की एका समाजाने काही मागितले, सरकारने त्याऐवजी दुसरेच काही देऊ केले, आणि ते देताना त्या समाजाच्या हातात कोणताही निर्णय राहणार नाही याची सोय आपोआप झाली. मान द्यायचा आणि अधिकार आपल्याकडे ठेवायचा, ही रीत या शहराला नवी नाही.

नागपूर गोंडांनी वसवले, हे शाळेत एका वाक्यात शिकवून आपण पुढे सरकतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने बारा खेडी एकत्र करून १७०२ मध्ये या शहराचा पाया घातला. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराला तट घातला, आणि आज गांधीसागर म्हणून ओळखला जाणारा जुमा तलाव बांधला. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला, वारसाहक्काची भांडणे लागली, आणि ती सोडवायला बोलावलेले रघुजी भोसले १७४३ पर्यंत राज्याचेच धनी झाले. त्यानंतरची व्यवस्था मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. भोसल्यांनी गोंड राजाला हाकलले नाही. त्याला महालातल्या किल्ल्यात ठेवले, नेमणूक दिली. भोसले गादीवर बसताना टिळा गोंड राजाच्या हातून लागे आणि काही महसुली कागदांवर शिक्काही त्याचाच उठे. कारभार, फौज आणि वसुली मात्र भोसल्यांची. १८५३ मध्ये इंग्रजांनी नागपूर खालसा केले, तेव्हा टिळ्याचाही प्रश्न उरला नाही. गोंड राजाचा किल्ला हे नाव महालात अजून तोंडी आहे. पण बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला आपण दीक्षाभूमी दाखवतो, झिरो माइल दाखवतो, फुटाळ्याला नेतो. शहराच्या संस्थापकाच्या वास्तूकडे त्याला घेऊन जाणारे किती जण असतील?

ज्या सरकारला गोंड संस्कृती दाखवायची आहे त्याच्यासाठी ती इथे, शहराच्या पोटात आहे. तिची जपणूक करायची तर पुरातत्त्वाचे जाणकार लागतील, अतिक्रमणाचे प्रश्न सोडवावे लागतील, राजघराण्याच्या वंशजांशी बोलावे लागेल. जंगलाकाठच्या मोकळ्या जागेवर सिमेंटची गोंडी घरे उभी करणे त्या मानाने सोपे आहे. सोपे आहे म्हणूनच ते सुचते.

आणि जागा कुठली, तर सुमारे ५६४ हेक्टरांचे प्राणिउद्यान, जिथे बसमधून वाघ, बिबट्या आणि अस्वल बघायची सफारी आहे. कुणाच्या मनात वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. पण जागेला स्वतःचा इतिहास असतो. आज जगभरची प्राणिउद्याने गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे बांधतात. ही पद्धत रूढ केली हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने. त्याचे स्टेलिंगेनचे उद्यान १९०७ मध्ये उघडले. त्याच्या तीस वर्षे आधीपासून हाच हागेनबेक माणसांची प्रदर्शने भरवत होता. उत्तर युरोपातले सामी लोक त्यांच्या रेनडिअरसह, तंबूंसह, रोजच्या कामांसह तो युरोपच्या शहरांतून मांडत असे. पॅरिसच्या प्राणिबागेनेही १८७७ पासून तोच धंदा केला. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात १९०६ मध्ये ओटा बेंगा या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या घरात ठेवले गेले. त्याबद्दल तिथल्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनातही कुंपणाआड काँगोचे गाव वसवले होते. गोरेवाड्यात कोणी कोणाला कोंडणार नाही, हे मला कळते. पण सकाळी अस्वल, दुपारी गोंड, मग आइस्क्रीम आणि घर, असा दिवस ज्या मुलाला आपण देऊ त्याच्या मनात या दोन गोष्टी शेजारीशेजारी बसतील, आणि ते काढून टाकायला कोणताही माहितीफलक पुरा पडणार नाही.

आता थीम पार्कमध्ये दाखवता काय येते ते पाहू. घरे दाखवता येतात, दागिने, भिंतीवरची चित्रे, ढेमसा आणि रेला नाच, मोहाचे पदार्थ. गोंडी जीवनाचा कणा मात्र यात येत नाही. कोणते कूळ चार देवांचे, कोणते पाच, सहा किंवा सात देवांचे, यावर कोणाचे लग्न कोणाशी होईल ते ठरते. गोंडांचा परंपरागत कथेकरी परधान किंगरी वाजवून कथा सांगतो ती आपल्या यजमान कुळाच्या देवांची आणि पूर्वजांची. ती ऐकणे हे त्या कुळाचे कर्तव्य आणि त्याला मान-दान देणेही कर्तव्य. पेन, म्हणजे कुळाचे देव, बाहेर काढायचे दिवस ठरलेले, माणसे ठरलेली, जागा ठरलेली. परधानाला दर अर्ध्या तासाला तिकीट काढून आलेल्यांसमोर बसवले तर स्वर तेच राहतील, पण ज्यांच्यासाठी ती कथा आहे ते लोक तिथे नसतील. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज जमतो. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या, म्हणजे गोंडांच्या धर्मकथेतली गुहा तिथे आहे. त्या गर्दीला प्रेक्षक लागत नाहीत, आणि गोरेवाड्यात गुहेची प्रतिकृती केली म्हणून कचारगड तिथे येत नाही.

पण माझा खरा आक्षेप नकलेवर नाही. नक्कल वाईट असेल, फसवी असेल, तरी निरुपद्रवी असू शकते. आक्षेप हा की जे सरकार गोंडवाना दाखवायला निघाले आहे, तेच सरकार गोंडवाना जिथे जिवंत आहे तिथे त्याच्या आड येते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ या नावाने; गोटूल म्हणजे गोंड गावातल्या तरुण मुलामुलींचे एकत्र जमण्या-शिकण्याचे घर. मुलांना घरच्या भाषेत अक्षरओळख आणि जोडीला मराठी, इंग्रजी. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोयी करण्याचे काम राज्यावर टाकले आहे. ते राज्याने केले नाही, गावाने केले. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने या शाळेला अनधिकृत ठरवून नोटीस काढली. शिक्षणहक्क कायद्यात अनधिकृत शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि नंतर दर दिवशी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. म्हणजे गोटूलाची प्रतिकृती उभारायला सरकारी निधी आणि गोटूल नावाच्या खऱ्या शाळेला सरकारी नोटीस. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे तीस लाख होते, बोडो बोलणाऱ्यांच्या दुपटीने. बोडो आणि संथाली २००३ मध्ये आठव्या परिशिष्टात आल्या. गोंडी अजून बाहेर आहे. शिकवण्याजोगे साहित्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने याच शहरात राहून गेलेल्या डॉ. मोतीरावण कंगाली यांची पुस्तके पाहावीत. रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी भाषा आणि पुनेम या गोंडी धर्मावर जे लिहिले, तेवढे काम एखाद्या सरकारी खात्याने केल्याचे ऐकिवात नाही.

जमिनीचे तेच. गोरेवाडा प्रकल्प राबवणारे वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले, मुख्यालय नागपुरातच. नैसर्गिक जंगल तोडून साग लावणे हा त्याचा वर्षानुवर्षांचा व्यवसाय, आणि त्या तोडीला गडचिरोली-गोंदियातल्या गावांनी वेळोवेळी विरोध केला आहे. मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवणारे देशातले पहिले गाव ठरले, आणि बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात यायला आणखी दोन वर्षे आणि केंद्रीय मंत्र्यांची गावभेट लागली. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा डोंगर ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगरावर ३४८ हेक्टरांची लोहखनिजाची लीज २००७ पासून दिलेली आहे. परिसरातल्या ग्रामसभांचा विरोध जगजाहीर आहे. ठाकूरदेवाचे ठाणे खाणीत जाऊ द्यायचे आणि त्याच्या आठवणीची मांडणी गोरेवाड्यात करायची, याला जतन म्हणणे कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पुण्यात आंबेगावला शिवसृष्टी झाली, तिला कोणी अपमान म्हटले नाही; मग गोंडवानाच्या सृष्टीला विरोध कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर त्याच उदाहरणात आहे. शिवकालाचा अभ्यास विद्यापीठांत होतो, तो पाठ्यपुस्तकांत आहे, किल्ल्यांवर आहे, आणि त्याची भाषा राज्याची राजभाषा आहे. शिवसृष्टी या सगळ्यावर घातलेली भर आहे. तिच्यात चूक झाली तर ती दाखवायला हजार लोक पुढे येतात. गोंडांच्या बाबतीत थीम पार्क ही भर नसेल, तीच पूर्ण माहिती असेल. नागपूरचा बहुतेक विद्यार्थी गोंडांबद्दल जे काही शिकेल ते तिथेच शिकेल, आणि तिथे काय सांगायचे ते निविदा जिंकणारा ठेकेदार ठरवेल.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. आदिवासी तरुणांना काम मिळेल, यात खोटे काही नाही. पण कोणते काम? नाचायचे, स्वयंपाक करायचे, गणवेश घालून दारात उभे राहायचे. संचालक, अभिलेखक, संशोधक, लेखापाल या जागा कोणाच्या, हे घोषणेत कधीच लिहिलेले नसते. याउलट गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपाने आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात, लिलाव स्वतः घेतात, हिशेब ठेवायला गावातलीच पोरे बसवतात. तिथला रोजगार कोणाच्या करमणुकीवर अवलंबून नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: समाजातल्याच काही लोकांना थीम पार्क हवे आहे, मग तुम्ही कोण? बरोबर आहे. हे पत्रक गोंड समाजाच्या वतीने काढलेले नाही आणि तसा दावा करण्याचा अधिकारही नाही. ते एका नागपूरकराचे इतर नागपूरकरांना आहे, कारण पैसा आपल्या कराचा आहे आणि शहरही आपले. समाजातल्या ज्यांना ते हवे असेल त्यांना ते गोरेवाड्यातच हवे आहे का, वनविकास महामंडळाच्या ताब्यात हवे आहे का, हे त्यांना विचारलेले दिसत नाही. आणि विचारायचे तर चार पुढाऱ्यांना मुंबईत बोलावून नव्हे. ग्रामसभांना, १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ज्यांना दिला आहे त्यांना. नागपूर शहर अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा इथे लागू नाही, असे कोणी वकिली उत्तर देईल. मग प्रदर्शनासाठी संस्कृती अनुसूचित क्षेत्रातून आणायची आणि कायदा मात्र तिथेच ठेवून यायचा का?

काहीच करू नका, असे म्हणणे नाही. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या मोकळ्या आवारातली घरे त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन, आपल्या पद्धतीने बांधली. गुजरातेत तेजगढला गणेश देवी यांनी सुरू केलेल्या आदिवासी अकादमीने आधी भाषांची कामे हाती घेतली, वस्तू नंतर मांडल्या. नागपूरजवळ सुराबर्डीला आदिवासी संग्रहालयाचा प्रकल्प आहे. तो किती वर्षे रेंगाळला ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. नवी घोषणा करण्याआधी तो पुरा करा आणि त्याच्या कार्यकारिणीत बहुमत गोंड, परधान, कोलाम, माडिया अभ्यासकांचे ठेवा. महालातल्या गोंड राजाच्या किल्ल्याचे आणि जुन्या तटाच्या उरलेल्या भागांचे सर्वेक्षण करून संरक्षण करा. मोहगावची नोटीस मागे घ्या आणि त्या शाळेला मान्यता द्या. थीम पार्कच्या प्रवेशद्वाराच्या खर्चात असल्या कितीतरी शाळा चालतील. आणि गोरेवाडा प्राण्यांसाठी राहू द्या.

मान द्यायचा आणि मागणी टाळायची, याचा दाखला शहरातच आहे: सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अधिवेशन चालू असताना गोवारींच्या मोर्चात चेंगरून ११४ जण मेले. अनुसूचित जमातीच्या सवलतींची त्यांची मूळ मागणी आजही सुटलेली नाही, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती फेटाळली गेली. पुलाला नाव मिळाले. यंदाच्या हिवाळी अधिवेशनात आपापल्या आमदाराला तीन प्रश्न लेखी विचारा: गोरेवाड्यातल्या थीम पार्कसाठी कोणत्या ग्रामसभेची संमती घेतली, मोहगावच्या शाळेच्या मान्यतेचे काय झाले, आणि गोंड राजाच्या किल्ल्यावर या वर्षी किती रुपये खर्च झाले. लेखी उत्तर हाती आले की त्याच्या प्रती काढा आणि अधिवेशनाच्या मोर्च्यांत वाटा.