भटकंती : फ्लॉरेन्सचा पाऊस आणि कोल्हापूरचे महाराज

मंडळी, मागच्या अंकात कबूल केल्याप्रमाणे या वेळी इटली.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयतां आणि कॉलेजात शिकणारे चिरंजीव असे तिघं चार दिवस फ्लॉरेन्सला जाऊन आलो. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून खूष होतो. ती स्वस्त का, ते तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडल्यावर कळलं. आभाळ फाटलं होतं! इंग्लंडात इतकी वर्षं काढून आम्ही छत्र्या घरीच विसरलो होतो. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडून तीन घेतल्या, त्यातली एक पहिल्याच वाऱ्याला उलटी झाली.

उफीझीपुढची रांग पाहून धीर सुटला. मग गल्ल्यांतून हिंडलो. सांता क्रोचेच्या बाजूला एका भिंतीवर पुराच्या खुणेची पाटी दिसली : ४ नोव्हेंबर १९६६. पाणी आमच्या डोक्याच्या कितीतरी वर चढलं होतं. पुलावरून आर्नो नदी पाहिली, तर चहासारखी गढूळ आणि फुगलेली. म्हटलं, आता मुक्कामी परतावं.

पण सौ. माहेरची कोल्हापूरची. ती म्हणाली, "महाराजांना भेटल्याशिवाय मी परत येणार नाही."

हे महाराज म्हणजे छत्रपती राजाराम, करवीरचे. १८७० साली ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, प्रवासाची इंग्रजीत डायरी लिहिली. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. दहनाची तिथे पद्धत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला. त्यांची डायरी १८७२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

ती जागा काशीने नावाच्या लांबलचक बागेच्या पार टोकाला आहे. "नावातच काशी आहे बघा," सौ. म्हणाली. चिखल तुडवत, भिजलेल्या बुटांनी पोचलो. बागेत चिटपाखरू नव्हतं. समोर चक्क आपल्याकडची छत्री, आणि तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा : डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने, कोवळा चेहरा. हे स्मारक १८७४ सालचं. छत्रीचा आराखडा मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला. शेजारून जाणाऱ्या मोटारींच्या मोठ्या पुलाला इटालियन लोक आजही 'इंदियानो'चा पूल म्हणतात.

सौ.ने ओल्या पायऱ्यांवर पिशवीतलं एक संत्रं ठेवलं. फूल कुठून आणणार?

चिरंजीव चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "हा तर माझ्याच वयाचा आहे." मग जरा वेळाने, "आजोबांना आपण नाशिकला नेलं. तुम्हाला दोघांना कुठे न्यायचं?"

तीस वर्षं इथे राहतो आहोत. घर, पेन्शन, मृत्युपत्र, सगळ्याची कागदपत्रं फायलीत आहेत. हा कागद मात्र नाही. सौ. म्हणाली, "पंचगंगा." आम्ही म्हणालो, "इथलीच एखादी नदी चालेल, म्हणजे तुला येता-जाता सोपं." एकमत झालं नाही. पण विषय निघाला, तोही न रडता, आणि त्याबद्दल महाराजांचे आभारच मानायला हवेत.

तुम्ही फ्लॉरेन्सला गेलात तर अर्धा दिवस काढाच. ट्राम बागेपाशी सोडते, पुढे पश्चिमेच्या टोकापर्यंत अर्ध्या तासाची चाल धरा. छत्री घरूनच न्या. आणि जमलं तर एखादं फूलही.