संयम हा केवळ स्वभाव नव्हे

माझी पत्नी कालकथित होऊन आता चार वर्षे होतील. या निवासी शाळेत तिने एकवीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. शाळेत तिला नावाने कोणी ओळखत नसे. मुलांपासून भोजनगृहातील मावशींपर्यंत सर्वांसाठी ती ‘बाई’ होती. तिच्याविषयी बोलताना आजही लोक म्हणतात, ‘बाईंचा स्वभावच प्रेमळ होता, त्यांना राग कसा तो येतच नसे.’ या बोलण्यामागील आपुलकी मी जाणतो. परंतु त्यातील विचार मला मान्य नाही. संयम हा केवळ तिचा स्वभाव असता, तर तो तिच्याबरोबरच संपला असता. तो तिने विचारपूर्वक स्वीकारलेला आणि रोज पाळलेला अध्यापनाचा मार्ग होता. म्हणूनच तो आपल्याला पुढे चालवता येतो, असे माझे मत आहे.

तिला राग येत असे. कित्येक संध्याकाळी ती घरी थकून, काही न बोलता बसून राही. पण वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वी तो राग बाहेर ठेवायचा, हा तिचा नियम होता. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांची मुले दिवाळीच्या सुमारास वसतिगृहात येत, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असे. त्यांना ती मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवीत नसे. त्या मुलाच्या नावातील पहिल्या अक्षरापासून आरंभ करी. अक्षर चुकले तर ते पुसत नसे, शेजारी बरोबर अक्षर काढून देई आणि दोन्हींतील फरक मुलालाच शोधू देई. तांड्यावरून आलेली एक मुलगी भाकरीच्या चित्राला ‘बाटी’ म्हणाली, तेव्हा तिने फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. मुलाच्या घरची बोली ही चूक नव्हे, हे तिने त्या दिवशी व्याख्यान न देता साऱ्या वर्गाला शिकवले.

तिच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक मुलासाठी काही पाने आहेत. गुण नाहीत, क्रमांक नाहीत. एका मुलाच्या पानावर सलग सात आठवडे ‘बसला’ एवढाच शब्द आहे. पुढे ‘पाटी हातात घेतली’ अशी नोंद येते. त्यानंतर बऱ्याच पानांनी ‘स्वतःचे नाव लिहिले’. तपासनीसाच्या दृष्टीने त्या सात आठवड्यांत काहीच घडले नव्हते. तिच्या दृष्टीने घरापासून तुटलेले एक मूल वर्गात बसू लागले होते आणि ती नोंदवण्याजोगी प्रगती होती.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला या वह्यांचे मोल अधिक जाणवते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत पाऊल टाकलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी त्या वेळी मांडला. त्यांचे लक्ष पुढे गेलेल्या १८ मुलांवर थांबले नाही. गळालेल्या ८२ मुलांचा हिशेब त्यांनी शासनाकडे मागितला. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गापुरता हाच हिशेब ठेवला पाहिजे. बाईंच्या वह्या म्हणजे असाच हिशेब होता.

आपल्या धम्मपरंपरेतही याला आधार आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चूलपंथकाची कथा येते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरला भाऊ महापंथक याने त्याला विहार सोडून घरी जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला परत आणले आणि पाठांतराचा आग्रह न धरता त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने वस्त्र मळत गेले आणि ते पाहता पाहता त्याला अनित्यतेचा बोध झाला. शिष्य तोच होता. गुरूंनी पद्धत बदलली. खन्ती ही दहा पारमितांपैकी एक आहे. शिक्षकाची खन्ती म्हणजे मूल शिकेपर्यंत दुसरी, तिसरी, चौथी वाट शोधत राहणे.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. निकालाची टक्केवारी वाढावी म्हणून पहिलीच्या प्रवेशासाठी चाचणी घ्यावी, अशी सूचना काही पालक व हितचिंतक करीत आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी अशी चाळणी लावण्यास मनाई केली आहे. कायदा नसता तरीही माझा विरोध राहिला असता. जे मूल चाचणीत मागे पडेल, त्याच मुलासाठी ही शाळा उभी राहिली. त्याला दारातूनच परत पाठवणे म्हणजे महापंथकाचा निर्णय स्वीकारणे होय.

त्याऐवजी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिलीचा वर्ग सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे असावा. उशिरा येणाऱ्या मुलांसाठी सायंकाळच्या वंदनेनंतरचा एक तास राखून ठेवावा. आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीची स्वतंत्र वही असावी, तिच्यात त्याची तुलना फक्त त्याच्या कालच्या स्वतःशी व्हावी. तिच्या नावाने पुरस्कार ठेवावा, असे काही माजी विद्यार्थ्यांनी सुचवले आहे. त्यांच्या भावनेचा मी ऋणी आहे. परंतु पहिला येणाऱ्या मुलाला तिच्या नावाचे पदक मिळावे, हे तिच्या कामाशी विसंगत ठरेल. तो निधी त्या सायंकाळच्या तासासाठी वापरावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

जय भीम!