मनगटावरचा अंगठा आणि समोरचा एक्स्टर्नल

नर्सिंग कॉलेजांत प्रॅक्टिकलचा हंगाम सुरू झाला की डेमो रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये हल्ली एक नवी गोष्ट दिसते. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, जाळीत बसवलेला अंबाडा, काखेत जर्नल, आणि एका मनगटावर दुसऱ्या हाताचा अंगठा रोवून उभ्या असलेल्या मुली. ओठांची पुटपुट पूर्वीसारखीच. पूर्वी त्यात एखादं स्तोत्र असे आणि कॅथेटरायझेशनच्या स्टेप्स असत, आता आकडे मोजणंही आलंय. कुणी ते रीलमध्ये पाहिलेलं असतं, कुणाला ट्यूटरनी शिकवलेलं. ‘पी-सिक्स दाब, धडधड बसते,’ असं सीनियर ज्युनियरला सांगते.

या स्तंभाच्या वाचकांत ट्यूटर मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी काहींनी विचारलंय, की परीक्षेच्या भीतीवर ॲक्युप्रेशर आम्ही कॉलेजात रीतसर सुरू करावं का? उत्तर आधीच देऊन टाकते. खुशाल करा. पण त्याच्या आडून दुसरं काही करायचं टाळणार असाल, तर नका करू.

आधी त्या जागेविषयी. तळहात वर करून मनगटाच्या घडीखाली दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवायची. बोटं संपतात तिथे, हाताच्या मधोमध, मूठ किंचित वळवली की दोन टेंडन उठून दिसतात. त्यांच्यामधली खोबण म्हणजे चिनी परंपरेतला नेइगुआन, पुस्तकांतला पेरिकार्डियम-6. एखादीला एकच टेंडन दिसला तर तिने घाबरून जाऊ नये. पामारिस लाँगस हा स्नायू कित्येक माणसांत जन्मतःच नसतो (एक्स्टर्नलनी हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार असू द्या). खालून मीडियन नर्व्ह जाते, म्हणून बोटांना मुंग्या येईपर्यंत दाबण्यात शहाणपण नाही. दुसरी जागा शेनमेन, मनगटाच्या घडीवरच पण करंगळीच्या बाजूला, पिसिफॉर्म हाडालगत. तिसरी दोन भुवयांच्या मध्ये. सुखद वाटेल इतकाच दाब, दोन-तीन मिनिटं, श्वास सोडताना सावकाश. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागाही पुष्कळ जण दाबतात, ती मात्र गरोदरपणात टाळायची असा परंपरेचाच दंडक आहे, आणि प्रसूती वॉर्डात पोस्टिंग असलेल्यांनी तो लक्षात ठेवलेला बरा. सूज, जखम, सलाईनची सुई असलेला हात वर्ज्य. झालं, एवढंच. याला कार्यशाळा लागत नाही, किट लागत नाही, प्रमाणपत्र तर नाहीच नाही.

या विद्येच्या आपल्याकडच्या प्रवासात एक मराठी धागाही आहे. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही होते. कोटणीस 1942 मध्ये तिकडेच गेले. बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले, आणि भारतातल्या ॲक्युपंक्चरची सुरुवात त्यांच्यापासूनच मानली जाते. कोटणीसांचं चरित्र आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान नर्सिंगच्या शिक्षिका होत्या, हे मात्र नर्सिंगच्या वर्गातसुद्धा क्वचितच कुणी सांगतं.

आता पुराव्याकडे. नेइगुआनबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा चिंतेचा नाही, मळमळीचा आहे. ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीवर या बिंदूचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेनचा आढावा 2015 मध्ये अद्ययावत झाला. खोट्या जागी केलेल्या उपचाराच्या तुलनेत खऱ्या बिंदूवर मळमळ कमी झाली, असं त्यात दिसलं. म्हणजे ही नुसती आजीबाईची समजूत म्हणून उडवून लावता येत नाही. ऑपरेशनआधीच्या घालमेलीवरही बरे निष्कर्ष आहेत. परीक्षेच्या भीतीवर झालेले प्रयोग मुख्यतः इराण आणि तुर्कस्तानातले, त्यात नर्सिंगचे विद्यार्थी पुष्कळ, आणि बहुतेकांचा कौल एकच: दाबल्यानंतर चिंतेचा आकडा खाली येतो.

इथे थोडं थांबू या, कारण खरी गंमत या आकड्यात आहे. चिंता मोजायला बहुधा स्पीलबर्गरची प्रश्नावली वापरतात. त्या क्षणी कसं वाटतंय याविषयीची 20 विधानं, गुण 20 ते 80. विद्यार्थी स्वतःच खुणा करतो. समजा, परीक्षेच्या दिवशी भेदरलेल्या मुलीला तुम्ही बाजूला खुर्चीवर बसवलंत, कुणीतरी आपुलकीने तिचा हात हातात घेतला, दहा मिनिटं ‘पाठ कर’ असं कुणी म्हटलं नाही, आणि मग तोच कागद पुन्हा पुढे केलात. आकडा उतरणारच. तो बिंदूमुळे उतरला, स्पर्शामुळे, खुर्चीमुळे की त्या दहा मिनिटांच्या सुटकेमुळे? हे वेगळं काढायला खोट्या बिंदूवर दाबलेला गट हवा. तसे गट काही प्रयोगांत असतातही. पण दाबणाऱ्याला ठाऊक असतं की आपण खरं दाबतोय की खोटं, आणि नर्सिंगच्या मुलींना तर नेइगुआन कुठे आहे हे मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडतं. शिवाय प्रयोगासाठी सगळ्यात घाबरलेल्याच मुली निवडल्या, तर त्यांचा आकडा काहीही न करता थोडा तरी खाली येतो. ताप 104 असताना ज्याला गाठलं, त्याचा ताप पुढच्या नोंदीत बहुधा कमीच भरतो, हे चार्ट भरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आणि नर्सिंगच्याच विद्यार्थ्यांवर एवढे प्रयोग का? ते सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून? नाही हो. ते हाताशी असतात म्हणून. आपल्याकडच्या एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांची शीर्षकं ओळीने वाचा, साचा लगेच कळतो: निवडक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या अमुक पातळीवर तमुक उपायाचा परिणाम. तमुकच्या जागी ॲक्युप्रेशर, प्राणायाम, संगीत, लॅव्हेंडरचं तेल, काहीही बसतं. संशोधक उद्या त्याच मुलींची इंटर्नल घेणार असते, किंवा घेणारीच्या शेजारच्या टेबलावर बसते. संमतीपत्रावर सही होते, ‘मॅडम, खूप शांत वाटलं’ हेही होतं. आपल्याला गुण देणाऱ्या बाईंना तुमच्या उपायाने काही झालं नाही, असं तोंडावर सांगणारी सेकंड इयरची मुलगी मी पाहिलेली नाही. अशा प्रबंधांत उपाय निरुपयोगी ठरल्याचं वाचायला मिळत नाही, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

हे नर्सिंगपुरतंच नाही. 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध गाजला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, असा त्याचा दावा होता. जगभरच्या शिक्षकांनी तो उचलून धरला. 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मोठ्या गटावर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. ‘सायन्स’मधल्या निबंधाची ही गत असेल, तर 30 मुलींच्या गटावरच्या प्रबंधाच्या बळावर संस्थेने धोरण ठरवू नये.

तरीही मी ‘करा’ म्हणते, त्याला कारणं आहेत. पैसा लागत नाही, औषध पोटात जात नाही, आणि श्वास लांबवून दोन मिनिटं स्थिर बसल्याने नाडी उतरते हे तर तिला स्वतःलाच मोजून पाहता येतं. शिवाय ही मुलगी उद्या नर्स होणार. ऑपरेशनला न्यायच्या आधी ट्रॉलीवर पडून छताकडे बघत राहिलेल्या पेशंटचा हात धरण्याचं एक निमित्त तिला मिळालं, तर माझी अजिबात हरकत नाही. स्वतःच्या मनगटावर शिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या मनगटावर नीट जमते.

माझी हरकत आहे ती कॉलेजांना. परीक्षेची भीती मुलीच्या मनगटात तयार होत नाही. ती कुठून येते हे प्रत्येक ट्यूटरला माहीत असतं, फक्त स्टाफ मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या गावातून येते आणि फंडामेंटल्सचं जाडजूड इंग्रजी पुस्तक तिच्या हातात पडतं. तिला आयव्ही लावता येते, पेशंटला धीर देता येतो, कुठल्या म्हातारीला कुठल्या कुशीवर वळवायचं हे कळतं, पण ‘इंडिकेशन्स सांग’ म्हटलं की वाक्य तोंडातच अडकतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडायची तर प्रॅक्टिकलची शंभर टक्के भरावी लागते. म्हणजे आजारपणातले, घरच्या लग्नातले, अंत्यविधीचे दिवससुद्धा पुढे कधीतरी वॉर्डात उभं राहून फेडायचे. वॉर्डात माणसं कमी असली की विद्यार्थिनी म्हणजे फुकटची स्टाफ नर्स, असा अनेक रुग्णालयांचा हिशेब असतो. परीक्षा तोंडावर असताना नाइट लागते. सकाळी सातला ओव्हर देऊन आलेली मुलगी नऊला केस प्रेझेंटेशन करते आणि दुपारी तिला कुणीतरी सांगतं, की तुझी झोप नीट होत नाही, ॲक्युप्रेशर कर.

मग परीक्षेचा दिवस. एक्स्टर्नल बाहेरून येतात. काही ठिकाणी त्यांच्या सरबराईची वर्गणी विद्यार्थिनींकडूनच गोळा होते, यावर मी वेगळा लेख लिहीन. एकीला ट्रे लावायला सांगून दोन सोपे प्रश्न विचारले जातात, तिच्या पुढचीला बेडसाइडला पेशंटच्या देखत ‘एवढंही येत नाही?’ ऐकावं लागतं. नंतर हॉस्टेलमध्ये चर्चा आपल्याला काय आलं याची नसते. ‘तुला कोण होतं?’ याची असते. परीक्षा नशिबावर गेली की भीती वाटणारच, आणि ती वाटणं हे डोकं जागेवर असल्याचं लक्षण आहे.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली ओस्की नावाची पद्धत मांडली. ठरावीक स्टेशनं, ठरावीक वेळ, प्रत्येकाला तेच काम, परीक्षकाच्या हातात तीच चेकलिस्ट. आपल्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमातही ती आली आहे. ओस्कीने भीती पळते असं नाही, घंटा वाजली की स्टेशन सोडायचं याचाही मुलींना धसका असतो. पण ‘मला कोण होतं’ हा प्रश्न तिथे बराचसा गळून पडतो. आपल्याकडे ती पुष्कळदा नावापुरती होते. चार स्टेशनं मांडायची, फोटो काढायचे, आणि मग नेहमीचा व्हायवा.

म्हणून प्राचार्यांना माझं सांगणं हे. सकाळच्या असेंब्लीत पाच मिनिटं मनगट दाबायला शिकवा. त्याच आठवड्यात नाइटची यादी उघडा आणि परीक्षेआधीच्या दहा दिवसांतली नावं खोडा. वर्षात दोन मॉक व्हायवा घ्या, त्यातला एक मराठीत होऊ द्या, म्हणजे मुलीला विषय येत नाही की भाषा, हे तिला आणि तुम्हालाही कळेल. इंटर्नलचे गुण झाकून ठेवू नका. बेडसाइडला पेशंटसमोर मुलीचा पाणउतारा करणाऱ्या परीक्षकाबद्दल विद्यापीठाला लेखी कळवा. तुम्ही कळवत नाही, म्हणूनच ते पुढच्या वर्षीही येतात.

मुलींनो, आणि वर्गात संख्येने कमी असलेल्या मुलांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. अंगठा टेकवा, श्वास सोडा, आत जा. मात्र झोप उडून आठवडे झाले असतील, जेवण जात नसेल, सगळं संपवावं असं मनात येत असेल, तर हा मनगटाचा विषय उरलेला नाही. टेली-मानसचा क्रमांक 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. तुम्ही पेशंटला ‘अंगावर काढू नका’ म्हणता, ते स्वतःलाही लागू आहे.

आणि ट्यूटर मंडळींनो, तुम्ही मला विचारलं होतंत, सुरुवात कुठून करू? पुढच्या प्रॅक्टिकलमध्ये ज्या प्रोसिजर येणार आहेत त्यांची चेकलिस्ट, कुठल्या स्टेपला किती गुण यासकट, या सोमवारी नोटीस बोर्डावर लावा. नेइगुआनचं चित्र तिच्या शेजारी लावलंत तरी चालेल.